गाय उलटत असेल, तर आधी कास तपासा

निफाड तालुक्यातील एका पशुपालकाचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे तिसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय आहे. ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्याली आणि दोनच आठवड्यांत तिच्या मागच्या उजव्या सडाला दगडी, म्हणजे कासदाह, झाली. गावातील डॉक्टरांनी इंजेक्शने दिली, दूध स्वच्छ झाले आणि गाय 18 लिटरवर आली. जानेवारीच्या अखेरीस तिला पहिल्यांदा भरवले, म्हणजे रेतन केले, पण ती 21 दिवसांनी उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. दुसऱ्या वेळी 22 दिवसांनी पुन्हा माज आला. मार्चच्या मध्यास तिसऱ्यांदा भरवल्यावर आठवड्याभरात त्याच सडातून दह्यासारखे कण आले, तेव्हा घरात उरलेली ट्यूब सडात सोडली आणि दोन दिवसांत दूध साफ दिसू लागले. या वेळी गाय 21 दिवसांनी माजावर आली नाही, म्हणून घरात आनंद झाला, परंतु 37 दिवसांनी तिने माज दाखवला. डॉक्टरांच्या मते गर्भाशय स्वच्छ आहे. पशुपालक विचारतात: ‘कासेचा आणि गाभण राहण्याचा खरेच काही संबंध असतो का? कासेतील घाण गर्भाशयात उतरते, असे शेजारी म्हणतात, ते खरे आहे का? पुढच्या माजाला भरवावी, की गाय विकून मोकळे व्हावे? गोठ्यात एक गाय सात महिन्यांची गाभण आहे, तिचे असे होऊ नये म्हणून काय करावे?’

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यातील तारखा. गाय केव्हा व्याली, केव्हा भरवली, केव्हा उलटली आणि कासेत बिघाड केव्हा दिसला, हे सारे तुम्ही लिहून ठेवले आहे, म्हणूनच तुमच्या प्रश्नाला अंदाजाने नव्हे तर विचारपूर्वक उत्तर देता येते. ते उत्तर असे की संबंध आहे आणि तो बराच घट्ट आहे. कासदाह झालेल्या गाई उशिरा माजावर येतात, जास्त वेळा उलटतात आणि गाभण राहिल्या तरी त्यांचा गर्भ सुरुवातीच्या आठवड्यांत जिरण्याचा धोका वाढतो.

शेजाऱ्यांचे म्हणणे मात्र तसे खरे नाही. कासेत साचलेली घाण आतल्या आत गर्भाशयात उतरेल अशी कोणतीही वाट नाही, आणि बहुतेक वेळा कासेतील जंतू कासेतच राहतात. तिथून पुढे जाते ती दाहाची वर्दी. जंतूंशी लढताना कासेतील पेशी जी रसायने सोडतात, ती रक्तात मिसळून मेंदूपर्यंत, बीजांडापर्यंत (म्हणजे अंडाशयापर्यंत) आणि गर्भाशयापर्यंत पोहोचतात. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारखे शेण-मातीतील जंतू कासेत शिरले, तर त्यांच्या आवरणातील विष रक्तात उतरून ही वर्दी आणखी तीव्र होते आणि गाईला ताप येतो.

या वर्दीचे परिणाम कुठे कुठे होतात ते नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. गाय माजावर येण्यासाठी मेंदूकडून ठरावीक लयीत संप्रेरके सुटावी लागतात. दाह आणि ताप यांच्या ताणाने ती लय मंदावते, बीजांडावरील पुटक, म्हणजे बीज वाढते ती फोडी, माज आणणारे इस्ट्रोजेन पुरेसे तयार करत नाही, आणि मग माज फिका पडतो किंवा माज दिसूनही बीज वेळेवर सुटत नाही. इस्राएलमध्ये झालेल्या अभ्यासात, ज्या गाईंचे दूध डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसत होते पण कासेत छुपा दाह होता, अशांपैकी साधारण एकतृतीयांश गाईंमध्ये बीज सुटण्यास उशीर झाल्याचे आढळले. आपण सकाळी माज पाहून संध्याकाळी रेतन करतो, तेव्हा बीज ठरल्या वेळी सुटेल हे गृहीत धरलेले असते. ते जर बरेच उशिरा सुटले, तर तोवर रेतकांडीतील शुक्राणूंची ताकद संपलेली असते आणि गाय 21 दिवसांनी पुन्हा माजावर येते. रेतन करणाऱ्याचा हात, कांडीची प्रत आणि गाईचे गर्भाशय यांत काहीही दोष नसताना हे घडू शकते.

याशिवाय बीजाच्या प्रतीचाही प्रश्न आहे. आज सुटणारे बीज ज्या पुटकात वाढले, ते पुटक कित्येक आठवड्यांपासून वाढत असते आणि त्या काळातील ताप, दाह व उपासमार यांचा ठसा त्यावर राहतो. त्यामुळे कास बरी झाल्यावर लगेचच्या माजात गाय गाभण राहिली नाही, तर निराश होण्याचे कारण नाही, आणि औषध चालले नाही असाही त्याचा अर्थ नाही.

यापुढचा टप्पा सर्वांत नाजूक आहे, आणि माझ्या मते तुमच्या गाईचे तिसरे रेतन नेमके तिथेच वाया गेले. बीज सुटलेल्या जागी बीजांडावर पीतपिंड तयार होतो आणि त्याच्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावर गर्भ टिकतो. गर्भ नसेल तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडते, पीतपिंड विरतो आणि गाय पुन्हा माजावर येते. गर्भ असेल तर त्याच सुमारास तो स्वतः एक संदेश देऊन हे प्रोस्टाग्लँडिन थोपवतो. कासेतील दाहातही प्रोस्टाग्लँडिन वाढते, त्यामुळे पीतपिंडाला आणि त्यावर विसंबलेल्या गर्भाला अवेळी धक्का पोहोचू शकतो, आणि ताप असेल तर कोवळ्या गर्भाला त्याची वेगळी झळ लागते.

आता तुमच्या तारखा याच्याशी जुळवून पाहा. 21 आणि 22 दिवसांनी उलटणे म्हणजे बहुधा फलन झाले नाही, किंवा गर्भ अगदी पहिल्या दोन आठवड्यांतच संपला. परंतु 37 दिवसांनी माज येणे वेगळे काही सांगते. मधला एखादा मुका माज, म्हणजे बाहेर लक्षणे न दाखवणारा माज, तुमच्या नजरेतून सुटला असण्याची शक्यता आहेच, तरीही तुम्ही त्या सुमारास गाईवर बारीक लक्ष ठेवून होता असे पत्रावरून दिसते, म्हणून मला अधिक संभव वाटतो तो हा की गाय गाभण राहिली होती आणि गर्भ नंतर जिरला. इतक्या लहान वयाचा गर्भ गेला तर बाहेर काहीच दिसत नाही. मालकाच्या लेखी गाय केवळ ‘उशिरा उलटते’.

न्यूयॉर्क राज्यातील गाईंवरील 2010 सालच्या एका अभ्यासात, रेतनानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ई. कोलायच्या गटातील जंतूंमुळे कासदाह झाला तर गर्भधारणेची शक्यता सुमारे 80 टक्क्यांनी, तर स्टॅफिलोकॉकस-स्ट्रेप्टोकॉकस गटामुळे झाला तर सुमारे 50 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. फ्लोरिडातील 1999 च्या अभ्यासात गाभणपणाच्या पहिल्या 45 दिवसांत कासदाह झालेल्या गाईंमध्ये पुढील 90 दिवसांत गर्भपाताचा धोका 2.7 पट आढळला होता. टेनेसी विद्यापीठाच्या जर्सी गाईंवरील 1998 चे निरीक्षण तर तुमच्या पत्राशी फारच मिळतेजुळते आहे. निरोगी गाई व्याल्यापासून सरासरी 92 दिवसांनी गाभण राहिल्या, आणि पहिल्या रेतनानंतर कासदाह झालेल्या गाईंना सुमारे 137 दिवस लागले. हे आकडे परदेशी कळपांचे आहेत, आपल्याकडील खाणे, ऊन आणि गोठे निराळे आहेत, परंतु शरीरातील ही साखळी सर्व गाईंमध्ये सारखीच चालते.

दूध साफ दिसू लागले म्हणजे कास बरी झाली, हा समज मला गोठ्यागोठ्यांत भेटतो आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान तोच करतो. कण गेले, सूज उतरली, तरी कासेच्या त्या कप्प्यात जंतू दडून राहू शकतात, विशेषतः स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो कासेच्या आतल्या भागात ठाण मांडून बसतो, अधूनमधून डोके वर काढतो आणि मधल्या काळात दूध पांढरेशुभ्र दिसते. तुमच्या गाईच्या एकाच सडात चार महिन्यांच्या अंतराने दोनदा कण दिसले, यावरून मधल्या साऱ्या काळात तिथे छुपा कासदाह असावा अशी मला दाट शंका आहे, आणि तीनही रेतने त्याच काळात झाली आहेत.

म्हणून पुढचा माज येण्याआधी तिच्या चारही सडांचे दूध वेगवेगळे तपासून घ्या. सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) ही कासदाहाची चाचणी तुमच्या डॉक्टरांना ठाऊक असेल. चार वाट्यांच्या तबकात प्रत्येक सडाचे थोडे दूध घेऊन तितकेच द्रावण मिसळतात आणि तबक गोल फिरवतात. दूध घट्ट, चिकट झाले तर त्या सडात दाह आहे. ते द्रावण मिळाले नाही, तर कपडे धुण्याची साधी पावडर 1 लिटर पाण्यात 30 ग्रॅम विरघळवून त्याचे आणि दुधाचे समान भाग मिसळले तरी मिनिटभरात घट्टपणा दिसून येतो. दुग्ध प्रयोगशाळेत पेशींची मोजणी होत असेल, तर एका मिलिलिटरमध्ये 2 लाखांहून अधिक पेशी म्हणजे कासेत बिघाड आहे असे समजतात.

ज्या सडाचे दूध घट्ट होईल, त्याचा नमुना जंतू-परीक्षणासाठी द्या आणि कोणते प्रतिजैविक लागू पडते तेही तपासून मागा. नमुना प्रतिजैविक सुरू करण्याआधी घ्यावा लागतो. सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, पहिल्या दोन-तीन धारा सोडून, निर्जंतुक बाटलीत दूध घ्यावे आणि बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. नाशिकमधील जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलेत, तर नमुना कुठे पाठवायचा ते सांगतील. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळाही आहे. डॉक्टर गोठ्यावर यायला हवे असतील, तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा निःशुल्क क्रमांक 1962 आहे.

उरलेली ट्यूब सोडण्याबद्दल मला स्पष्ट बोलले पाहिजे. तुम्ही ते गाईच्या काळजीने केले हे मी जाणतो, परंतु अर्धवट उपचाराने जंतू मरत नाहीत, नुसते दबतात, आणि पुढे ते त्याच औषधाला दाद देईनासे होतात. ट्यूबचे टोक स्वच्छ नसेल, तर सडात नवा जंतू आपल्याच हाताने सोडला जातो. डॉक्टर जितके दिवस सांगतील तितके दिवस उपचार पुरा करा, आणि औषधाच्या वेष्टनावर लिहिलेला काळ संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नका, घरातही वापरू नका.

प्रतिजैविकाबरोबर दाह कमी करणारे औषध देण्याविषयी डॉक्टरांशी जरूर बोला, कारण गाभण राहण्याच्या दृष्टीने खरा शत्रू दाहच आहे. दुभत्या गाईंवरील 2016 सालच्या एका अभ्यासात सौम्य ते मध्यम कासदाहावर प्रतिजैविकाच्या जोडीला मेलोक्सिकॅम दिलेल्या गाईंपैकी 31 टक्के पहिल्याच रेतनात गाभण राहिल्या, तर ते न दिलेल्यांपैकी 21 टक्के. मेलोक्सिकॅमचा आणखी एक गुण नाशिककरांनी ध्यानात ठेवावा असा आहे. जनावरांसाठी 2006 पासून बंदी असलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकासारखे ते मेलेली जनावरे खाणाऱ्या गिधाडांच्या जिवावर उठत नाही, आणि आपल्या अंजनेरीच्या कड्यांवर अजून गिधाडे आहेत.

आता पुढच्या माजाविषयी. तुमच्या हिशेबाने तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात येईल. तोपर्यंत तपासणीत कास स्वच्छ आली, तर भरवा. उपचार चालू असेल किंवा सड अजून घट्टपणा दाखवत असेल, तर तो एक माज सोडून द्या. व्याल्यापासून सहा महिने उलटत आले असताना आणखी 21 दिवस थांबायचे हे जिवावर येते, परंतु सुजलेल्या कासेवर केलेले रेतन वाया जाण्याचीच शक्यता अधिक, आणि गर्भ राहून जिरला तर 21 च्या जागी 35-40 दिवस जातात. मे महिन्यातील ऊन हेही स्वतः गर्भधारणेला मारक आहे. छतावर पाचट किंवा हिरवी जाळी, दिवसभर प्यायला गार पाणी आणि दुपारी अंगावर पाण्याचा फवारा एवढे तरी नक्की करा. महागडी लिंगनिश्चित (बहुधा कालवडच व्हावी अशी) रेतकांडी या गाईला सध्या वापरू नका. तिच्यात शुक्राणू कमी असतात आणि गाभण राहण्याचे प्रमाण निरोगी गाईतही काहीसे कमीच असते.

भरवल्यानंतर 24 तासांनी गाय अजून माजावर आहे का, ती सोट (माजाचा चिकट स्राव) टाकते का, हे पाहा. तसे असेल तर बीज सुटलेले नाही असे समजून डॉक्टरांना कळवा. ते दुसऱ्यांदा रेतन करायचे किंवा बीज सुटण्यासाठी इंजेक्शन द्यायचे हे ठरवतील. माजावर आणण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन देण्याचा विषय निघाला, तर आधी गाभण तपासणी करूनच ते घ्या, कारण गाय गाभण असेल तर त्या इंजेक्शनाने गाभ पडतो.

कासेला एकटीलाच दोषी धरू नये, म्हणून एक गोष्ट लिहितो. व्याल्यानंतरचे पहिले दोन महिने दूध चढते आणि खाणे त्या मानाने कमी पडते, गाय हाडावर येते. या ओढाताणीत तिची रोगप्रतिकारशक्ती घटते आणि माजही लांबतो. म्हणजे कासदाह आणि वांझपण या दोन्हींचे मूळ कधी कधी एकाच दावणीत असते. निफाडकडे उन्हाळ्यात उसाच्या वाढ्यांवर बरीच जनावरे निघतात. वाढ्यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि कॅल्शियम कमी पडले की सडाचे तोंड आवळून बंद होण्याची ताकद आणि गर्भाशयाची आकुंचनाची ताकद, दोन्ही उणावतात. वाढे द्यायचेच असतील तर ते चाऱ्याचा एक भाग म्हणून द्या, जोडीला मका किंवा मुरघास आणि रोजचे खनिज मिश्रण असू द्या.

पाच महिन्यांनंतर गाभ टाकण्याचा प्रकार तुमच्या गोठ्यात कधी घडला असेल, तर ब्रुसेलोसिस या गाभ पाडणाऱ्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासून घ्या. त्याचे जंतू कासेत राहतात, कच्च्या दुधातून माणसाला लागतात, आणि पडलेला गाभ किंवा वार उघड्या हाताने उचलल्यानेही लागतात. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना त्याची लस एकदाच द्यायची असते.

सात महिन्यांच्या गाभण गाईसाठी तुम्ही अगदी योग्य वेळी विचारले आहे. तिला आता आटवायला, म्हणजे तिचे दूध काढणे बंद करायला हवे, म्हणजे विण्यापूर्वी सुमारे 60 दिवस कासेला विश्रांती मिळेल. आटवण्याआधी तिच्या चारही सडांची चाचणी करा. दूध पूर्ण काढून, सडांची टोके स्पिरिटने पुसून, डॉक्टरांच्या सल्ल्याने आटवणीची ट्यूब सोडा, कारण दुभत्या काळात न गेलेला जुना संसर्ग याच काळात सर्वांत चांगला बरा होतो. आटवल्यानंतरचे आणि विण्यापूर्वीचे प्रत्येकी दोन आठवडे कास फार हळवी असते, तेव्हा तिची बसण्याची जागा कोरडी ठेवा. ई व्हिटॅमिन आणि सेलेनियम पुरेसे मिळाले तर कासदाह आणि वार अडकणे, दोन्ही कमी होतात.

धार काढण्याच्या पद्धतीकडेही एकदा पाहा. अंगठा दुमडून धार काढल्याने सडाला आतून इजा होते, म्हणून पूर्ण मुठीने काढावी. निरोगी गाई आधी आणि दुखरी गाय शेवटी, पहिल्या धारा जमिनीवर न सोडता भांड्यात, आणि धार संपताच सड पोव्हिडोन आयोडीनच्या सडासाठीच्या द्रावणात बुडवायचे. सडाचे छिद्र धारेनंतर काही वेळ उघडे राहते, म्हणून त्याच वेळी गव्हाणीत चारा टाका, म्हणजे गाय किमान अर्धा तास बसणार नाही. पावसाळ्यात गोठ्यापुढे चिखल झाला की हीच सवय सर्वाधिक उपयोगी पडते. यंत्राने धार काढत असाल, तर रबरी लायनर साधारण 2500 धारांनंतर बदलायला हवेत.

गाय विकण्याचा निर्णय आज घेऊ नका. तिसऱ्या वेताची, 18 लिटर देणारी, गर्भाशय स्वच्छ असलेली गाय एका सडापायी घालवण्याची घाई मला पटत नाही. अहवालात साधे स्ट्रेप्टोकॉकस निघाले, तर उपचाराने ती बरी होण्याची आशा चांगली आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला, सडामागचा कप्पा हाताला कडक लागत असेल आणि उपचारानंतरही चाचणी घट्टच येत असेल, तर डॉक्टरांच्या हातून तो एक कप्पा कायमचा आटवून तीन सडांवर गाय चालवता येते, आणि अशा गाई गाभणही राहतात. दोन किंवा अधिक सडांत तोच जंतू असेल, तर मात्र इतर जनावरांच्या रक्षणासाठी तिला कळपातून काढणे योग्य, आणि विकताना कासेची खरी स्थिती घेणाऱ्याला सांगणे हे आपले कर्तव्य आहे.